यंत्राची आठवण बोलणाऱ्याला दिसावी, आणि मराठीत दिसावी

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मोबाइलवर बोलणारे कृत्रिम बुद्धिमत्तेचे सहायक आता मागचे बोलणे लक्षात ठेवू लागले आहेत. चॅटजीपीटीमध्ये ही सोय फेब्रुवारी २०२४ मध्ये चाचणीसाठी आली आणि एप्रिल २०२५ मध्ये जुन्या संभाषणांचा संदर्भ घेण्यापर्यंत तिचा विस्तार झाला. या सोयीचे मी मनापासून स्वागत करतो, त्याचे कारण माझ्या घरातच आहे.

माझ्या आईचे वय ७७ असून तिचे सारे आयुष्य खानापूर तालुक्यात गेले. नजर अधू झाल्यापासून ती अशाच एका सहायकाशी बोलून तिथी-वार विचारते, चार गोष्टी ऐकते. आमच्या भागातील रीतीप्रमाणे ती ‘पण’ या अर्थी ‘खरं’ म्हणते. ‘जाऊन आले खरं भेट झाली नाही’ हे तिचे वाक्य यंत्राला कळत नसे. माझ्या मुलाने समजावून सांगितले की तेवढ्यापुरते जमायचे, आणि दुसऱ्या दिवशी नवे संभाषण उघडले की पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. याचे कारण असे की सहायकामागच्या भाषेच्या मॉडेलला फक्त चालू संभाषणाचा मजकूर दिसतो, आणि तोही ठरावीक लांबीचाच. हा मजकूर मोजताना शब्दांचे जे तुकडे पाडतात ते मराठीत इंग्रजीपेक्षा सहसा अधिक पडत असल्याने तेवढ्याच जागेत मराठी बोलणे कमी मावते. दीर्घकालीन स्मृतीत बोलण्यातील महत्त्वाच्या गोष्टींचे टिपण वेगळे साठवले जाते आणि पुढे विषय निघाला की अर्थाने जुळणारे टिपण शोधून मॉडेलपुढे ठेवले जाते. ही सोय सुरू केल्यावर आईचे ‘खरं’ एकदा नोंदले गेले, ते कायमचे. बोलीला प्रमाण मराठीची सक्ती न होता तिचे बोलणे समजून घेतले गेले, याचे मोल आमच्या घराला फार आहे.

अडचण वेगळीच निघाली. हे टिपण यंत्रच करते आणि बोलणाऱ्याला ते वाचून दाखवत नाही. ‘गुडघ्याची गोळी सोडावी काय असं वाटतंय’ असे आई एकदा म्हणाली. सारांशात तिची शंका गळून पडली आणि ‘गोळी सोडली’ एवढेच उरले, हे आम्हाला काही आठवड्यांनी यंत्रानेच विचारपूस केली तेव्हा कळले. पुढे एकदा शेजारच्या अक्का त्याच मोबाइलवर कन्नडमध्ये बोलल्या आणि तेव्हापासून आईला उत्तरे कन्नडमध्ये येऊ लागली. कन्नड आम्हाला परकी नाही, बाजारात आणि बसमध्ये आम्ही ती रोज बोलतो. परंतु घरात आईने कोणत्या भाषेत बोलावे हे आईने ठरवायचे आहे. आम्ही ते संभाषण पुसले, तरी टिपण तसेच राहिले, कारण त्या सहायकात दोन्ही स्वतंत्रपणे पुसावी लागतात. टिपणांची यादी सेटिंगमध्ये खोलवर होती आणि संपूर्ण इंग्रजीत होती.

डिजिटल वैयक्तिक माहितीच्या संरक्षणासाठी २०२३ मध्ये झालेला कायदा आपली माहिती दुरुस्त करून घेण्याचा व पुसून घेण्याचा हक्क देतो. संमती घेतानाची सूचना इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतील कोणत्याही भाषेत मिळण्याची तरतूदही त्यात आहे. या तरतुदीत राज्याची अट नाही, म्हणून बेळगाव, निपाणी वा खानापूर येथील मराठी माणसालाही ती तितकीच लागू पडते. माझी मागणी तिथून एक पाऊल पुढची आहे. सूचना मराठीत आली आणि स्मृतीची यादी इंग्रजीतच राहिली, तर पुसण्याचा हक्क आईसारख्या व्यक्तीच्या हाती कधी येणार? ‘माझ्याबद्दल काय लक्षात ठेवले आहेस?’ असे मराठीत विचारल्यावर सगळी टिपणे मराठीत ऐकू यावीत आणि ‘हे चुकीचे आहे, काढून टाक’ असे तोंडाने सांगताच ती खरोखर निघावीत.

स्मृतीमुळे संभाषण रंगते, असे कंपन्या सांगतात आणि ते खरेही आहे. आई आता अधिक वेळ बोलते. म्हणूनच त्या बोलण्यातून काय साठले, हे तिला तिच्या भाषेत कळले पाहिजे. कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले असून ते टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत. त्यांची पूर्ण अंमलबजावणी होण्याआधीच कंपन्यांनी ही सोय मराठीत करावी आणि सीमाभागातील वाचकांनी आपापल्या सहायकाच्या कंपनीकडे तशी लेखी मागणी नोंदवावी, ही विनंती.

आपला,
एक निवृत्त शिक्षक,
खानापूर, जि. बेळगाव