काका, टर्बो घेऊ दिला नाहीत त्याबद्दल थँक यू

काका, नमस्कार.

फोनवर थँक यू म्हटलं की तुम्ही "बरं बरं, ठेव आता" म्हणून कट करता, म्हणून इथे सगळ्यांसमोर लिहितोय. नाव टाकत नाही, तुम्हाला आवडणार नाही, आणि फोंड्यातल्या टर्बो गाडीवाल्या पोरांना नावाशिवाय पण कळेल कोणाबद्दल चाललंय ते.

बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगतो. काका म्हणजे आमचे गॅरेजवाले. माझी गाडी जुनी स्कोडा लॉरा, १.८ टीएसआय, सहा गिअरची मॅन्युअल, कंपनीतून १६० पीएस आणि २५० एनएम, त्यावर स्टेज वनचा रिमॅप, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरची सेटिंग बदलून ताकद वाढवलेली. आंबी व्हॅलीच्या एअरस्ट्रिपवर ४०२ मीटरला, म्हणजे क्वार्टर माईलला, १५.२ सेकंद निघाले आणि मला काही करून चौदामध्ये, म्हणजे पंधराच्या आत, यायचं होतं. पैसे बाजूला काढलेले होते, फक्त ते कशात घालायचे हे ठरवायचं होतं. आणि आमच्या ग्रुपमध्ये सगळे पात्रांव (दोस्त) एका सुरात, कंपनीचा छोटा के०३ टर्बो काढ आणि मोठा के०४ बसव, बाकी काही विचारूच नको.

तुम्ही मात्र पहिला प्रश्न विचारलात की साठ फुटाला किती? मला वाटलं चेष्टा करताय. मग डॅशबोर्डवर चिकटवलेल्या जीपीएस डबीतला रन काढून दाखवला तेव्हा तुम्ही चष्मा वर करून दोनच आकडे बघितलेत, साठ फूट २.५ सेकंदात आणि शेवटचा स्पीड १४८. आणि म्हणालात, "ताकद आसा रे, पकड ना." म्हणजे ताकद आहे, पकड नाही.

हे जे दोन आकडे वेगळे वाचायला शिकवलंत ना, त्यासाठीच खरं तर हे पत्र. शेवटचा स्पीड इंजिनची ताकद सांगतो आणि पहिले साठ फूट, म्हणजे साधारण १८ मीटर, टायर आणि क्लच काय करतायत ते सांगतात. मग तुम्ही बिलाच्या मागच्या बाजूला गणित मांडलंत, ताशी मैल भागिले २३४, जे येईल त्याचा घन, गुणिले वजन पाउंडात. माझ्यासकट गाडी साधारण १५०० किलो, म्हणजे ३३०० पाउंड, आणि १४८ किमी म्हणजे ९२ मैल. उत्तर आलं २०० हॉर्सपॉवर. म्हणजे रिमॅपनं जे द्यायचं ते दिलेलंच होतं, आणि एवढ्या ताकदीची एवढ्या वजनाची गाडी नीट सुटली तर चौदामध्ये यायलाच हवी, अजून ताकद न घालता. साठ फुटाला एक दशांश वाचला की शेवटी दीड ते दोन दशांश वाचतात हा पण तुमचाच हिशोब. सुरुवातीला कमावलेला स्पीड पुढे पूर्ण रस्ताभर सोबत राहतो, म्हणून.

पुढची चाकं ओढणारी गाडी, सुटताना वजन मागे जातं, पुढची चाकं हलकी होतात आणि नेमकी तीच फिरवायची असतात. त्यात के०४ टाकला असता तर अजून जास्त टायर जाळले असते आणि वेळ तीच. आधी कळस मग पाया, दुसरं काय.

आता तुम्ही काय काय लावायला लावलंत ते लिहितो कारण बरेच जण मला मेसेज करून विचारतायत.

टायर. फक्त पुढचे दोन, २०० ट्रेडवेअरचे (मऊ रबराचे) सेमी-स्लिक, म्हणजे कमी खाचांचे, जुन्या रिमवर वेगळे बसवून. रोजच्या गाडीला ते लावून ठेवायचे नाहीत हे तुम्ही तीनतीनदा बजावलंत, आणि जूनमध्ये फर्मागुडीच्या चढावर वाहणारं पाणी बघितलं की का ते समजतं. हवा पुढे २६ पीएसआय, मागे जास्त. लाईनवर जायच्या आधी हँडब्रेक ओढून टायर थोडेसे फिरवायचे, माती झटकून रबर जरा गरम होण्यापुरते, धूर काढून व्हिडिओ करण्यापुरते नाही.

मग खालच्या इंजिन माउंटमध्ये पीयूचा (कडक पॉलियुरेथेनचा) तुकडा. सगळ्यात स्वस्त वस्तू आणि लोक सगळ्यात शेवटी घेतात. क्लच सोडला की इंजिन मागे झुकतं, परत येतं, आणि चाकं टपटप उड्या मारतात, ती उडी बंद. आयडलला डॅशबोर्ड थरथरतो आता, बायको बसली की विचारते गाडीला थंडी वाजते का. चालायचंच.

पण मला सगळ्यात जास्त आठवतो तो लीक टेस्टचा प्रकार. एक पैसा खर्च करायच्या आधी तुम्ही टर्बोच्या तोंडाला पाइपाचं झाकण बसवलंत, त्याला टायरचा व्हॉल्व्ह लावलेला, कॉम्प्रेसरनं हळूहळू हवा भरलीत आणि मला साबणाच्या पाण्याची बाटली दिलीत. मी फवारत गेलो, वरचं सगळं कोरडं, आणि मग इंटरकूलरच्या (टर्बोची गरम हवा थंड करतो तो) खालच्या होजला, जिथे क्लॅम्प बसतो तिथे, बारीक पांढरा फेस यायला लागला. आधी मुंगीएवढा बुडबुडा, मग एकदम रांगच. क्लॅम्प गंजून ढिला झालेला, आपल्याकडे खारं वारं आहे, त्यात कंपनीचा काय दोष. म्हणजे टर्बो बिचारा हवा दाबत होता आणि त्यातली थोडी बाहेर निघून जात होती, तेवढी भरून काढायला तो अजून जोरात फिरणार, हवा अजून गरम होणार. क्लॅम्प किरकोळ पैशांचा. मोठा टर्बो घेतला असता तरी हीच गळती राहिली असती, फक्त महाग हवा गळली असती.

घाटावर हे अजून महत्त्वाचं हे मला माहीत नव्हतं. इथे आपण समुद्राच्या पातळीवर चालवतो, तिकडे हवा पातळ. टर्बो तेवढाच दाब द्यायला जास्त फिरतो, आणि छोटा के०३ आधीच दमलेला असतो, म्हणून तिकडे इनटेकचं तापमान जास्त चढतं आणि ईसीयू, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, ठिणगीचं टायमिंग मागे घेतो आणि ताकद कमी होते. लॉग मध्ये हे स्वच्छ दिसलं, रनच्या सुरुवातीला एक टायमिंग आणि तिसऱ्या गिअरच्या शेवटी वेगळंच. त्यामुळे पैसे खर्च केले ते इंटरकूलरवर. आणि लाईनमध्ये थांबलेलं असताना बोनेट उघडं, इंजिन बंद. बर्फाची पिशवी ठेवायची आयडिया माझी, म्हटलं मासळीवाल्याकडून उचलतो, त्यावर तुम्ही म्हणालात पाणी स्टार्ट लाईनवर सांडलं तर हाकलतील आणि बरोबर हाकलतील, मागच्याचा जीव जाईल. पिशवी राहिली घरीच.

प्लग. फीलर गेज घेऊन चारही प्लगचा गॅप स्वतः बघितलात, ०.८ वरून ०.६५ केलात, कारण बूस्ट वाढला की ठिणगी विझते आणि लोक कॉइल बदलत बसतात. पेट्रोलचं पण तसंच, १०० ऑक्टेन टाकलं की गाडी आपोआप पळते असं नाही, मॅप त्या पेट्रोलसाठी लिहिलेला असला तरच. माझा मॅप ९५ वर लिहिलेला, म्हणून ९५ च, आणि ते जास्तीचे पैसे वाचले.

आणि गिअर कधी टाकायचा. मी प्रत्येक वेळी लाल रेषेपर्यंत ओढायचो, सगळेच ओढतात, आवाज भारी येतो. तुम्ही डायनोचा (ताकद मोजायच्या मशीनचा) कागद पुढे ठेवलात, सहा हजार आरपीएमच्या पुढे ताकदीची रेघ खाली पडायला लागलेली. छोटा टर्बो वरच्या आरपीएमला दम सोडतो. तिथे थांबण्यापेक्षा पुढचा गिअर टाकला की रेघेच्या फुगलेल्या भागात परत येतो. याला एक रुपया लागला नाही. स्टेपनी, जॅक, डिकीतला संसार काढायला पण नाही लागला, आणि ४५ किलो उतरवले की साधारण एक दशांश कमी हा जुना नियम आहेच.

निकाल सांगून टाकतो, साठ फूट २.२, क्वार्टर माईल १४.७, शेवटचा स्पीड १५१. टर्बो तोच, कंपनीचा. मित्रांपैकी एकानं डबी खराब आहे म्हणून सांगितलं, त्याला इव्हेंटची स्लिप दाखवली.

अजून एका गोष्टीसाठी थँक यू. मी एकदा म्हटलं होतं की रात्री बायपासवर जाऊन लाँचची, म्हणजे जोरात सुटायची, प्रॅक्टिस करूया, रस्ता मोकळाच असतो. तुम्ही पाना खाली ठेवलात आणि सांगितलंत, तसं केलंस तर माझ्या गॅरेजमध्ये परत यायचं नाही. मोटर वाहन कायद्याचं कलम १८९, रस्त्यावर शर्यत, पहिल्याच वेळी तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही, हे मी नंतर वाचलं, पण तुम्ही कायद्याचं नाव पण घेतलं नव्हतं. म्हणालात रस्त्यावर गुरं असतात, स्कूटरवर लाईट नसलेला माणूस असतो. आपल्याकडे असतातच. तेव्हापासून लाँच फक्त स्ट्रिपवर, बंद रस्त्यावर, हेल्मेट घालून.

ग्रुपमधल्या पोरांना एवढंच सांगेन की काकांकडे पार्टची लिस्ट घेऊन जाऊ नका, रनचे आकडे घेऊन जा. "आदीं मेज, मागीर घे" (आधी मोज, मग घे) हे ऐकायची तयारी ठेवा आणि सकाळी जा, दुपारी ते झोपतात. येताना भाजीपाव आणलात तर चालतो, मिरची भजी वेगळी.

काका, आता क्लच. चौथ्या गिअरमध्ये पूर्ण पाय दिला की आरपीएम चढतो आणि स्पीड तिथेच राहतो, म्हणजे घसरायला लागलाय हे मला पण कळतं आता. सिरॅमिक पॅडलवाला नको हे तुम्ही आधीच सांगितलंय, मांडवी पुलावरच्या ट्रॅफिकमध्ये पाय मोडेल. पण ऑरगॅनिक डिस्क आणि जड प्रेशर प्लेट घ्यायची तर ड्युअल मास फ्लायव्हील तसंच ठेवू का सिंगल मास करू, तेवढं सांगा. चवथ झाल्यावर गाडी घेऊन येतो. आणि मागचं बिल तुम्ही अजून दिलेलं नाही, ज्या कागदावर गणित मांडलंत तो मी घेऊन आलोय, त्यामुळे दुसऱ्या कागदावर करा.

तुमचाच,
लॉरावाला