‘क्वचित’ या शब्दाला हरकत

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या आरोग्य पुरवणीतील विल्सन आजारावरचा लेख वाचला. पित्तावाटे बाहेर पडायला हवे ते तांबे यकृतात आणि मेंदूत कसे साठत जाते, हे लेखकाने नीट समजावून सांगितले आहे, त्याबद्दल आभार. मात्र अख्ख्या पानात मनाच्या लक्षणांच्या वाट्याला एकच वाक्य आले आहे, आणि तेही ‘क्वचित मानसिक लक्षणेही आढळतात’ असे. आमच्या घरात या आजाराची सुरुवातच मानसिक लक्षणांनी झाली. किनियर विल्सन यांनी १९१२ साली या आजाराचे सविस्तर वर्णन केले, तेव्हाच रुग्णांच्या मनातील बदलांचीही नोंद केली होती. ती गोष्ट आपल्या लेखात एका ओळीत उरकावी, याचा मला राग आला आहे.

माझा मुलगा १७ वर्षांचा असताना चिडू लागला. ज्याने कधी आवाज चढवला नव्हता तो दारे आपटू लागला, एकेक मित्र दुरावला, मार्क घसरले. वयाचा दोष म्हणून आम्ही एक वर्ष घालवले. पुढे मनोविकाराचे औषध सुरू झाले आणि काही दिवसांतच त्याची मान आणि हात ताठरले, तोंडातून लाळ गळू लागली. विल्सनच्या रुग्णांना अशा औषधांचा त्रास इतरांपेक्षा लवकर होतो, हे आम्हाला फार उशिरा कळले. त्याच्या त्या वर्षीच्या वह्या मी जपून ठेवल्या आहेत. पहिल्या पानांवरचे टपोरे अक्षर पुढे इतके बारीक आणि वेडेवाकडे होत गेले आहे की शेवटची पाने मलाही लागत नाहीत. त्या वह्या आम्ही एकाही डॉक्टरांना दाखवल्या नाहीत, कारण अक्षराचा आणि रागाचा काही संबंध असेल असे आमच्या मनातच आले नाही.

आजार ओळखला तो चष्म्याचा नंबर काढायला गेलो तेव्हा. डॉक्टरांनी स्लिट लॅम्पमधून बराच वेळ पाहिले, थांबले, पुन्हा पाहिले आणि विचारले, “याचे हात थरथरतात का?” बुबुळाच्या कडेला तांब्याचे सोनेरी-तपकिरी कडे दिसत होते. त्यानंतर रक्तातील सेरुलोप्लाझ्मिन (तांबे वाहून नेणारे प्रथिन) आणि २४ तासांच्या लघवीतील तांबे तपासले गेले. या तपासण्या दोन वर्षे आधी कुणी सुचवल्या असत्या, तर आज त्याला शर्टाची बटणे लावायला माझी मदत लागली नसती, असे मला रोज सकाळी वाटते.

लेखासोबतच्या चौकटीत ‘आजार आनुवंशिक असल्याने त्यावर इलाज नाही’ असेही छापले आहे. हे चूक आहे. तांबे लघवीवाटे बाहेर काढणारे पेनिसिलामाइन १९५६ पासून वापरात आहे आणि आतड्यात तांबे शोषले जाऊ नये म्हणून झिंक दिले जाते. ही औषधे जन्मभर घ्यावी लागतात आणि ती मध्येच सोडल्यास यकृत निकामी होऊ शकते. रुग्णाच्या प्रत्येक सख्ख्या भावंडाला हा आजार असण्याची शक्यता २५ टक्के असते, म्हणून माझ्या धाकट्या मुलीचीही तपासणी झाली. तिला काहीही त्रास नव्हता, तरी आजार निघाला. झिंक वेळेवर सुरू झाल्यामुळे ती आज अगदी ठणठणीत आहे.

काल संध्याकाळी मुलाने ती चौकट वाचली आणि मला विचारले, “इलाज नाही, तर मी गोळ्या कशासाठी घेतो?” त्याची समजूत मी घातली आहे. परंतु ज्या घरात असे समजावणारे कुणी नसेल तिथे आज गोळ्या बंद होऊ शकतात, म्हणून त्या वाक्याची दुरुस्ती पुढच्या पुरवणीची वाट न पाहता उद्याच्याच अंकात छापावी, ही कळकळीची विनंती.

आपली,
एका रुग्णाची आई