पाकळीचा ल, देठाचा श

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेली बावीस वर्षं मी सांगलीत डीटीपी आणि डिझाइनचं काम करतोय. लग्नपत्रिका, दुकानाच्या पाट्या, अहवाल, निवडणुकीचे बॅनर, येईल ते काम. पेपरला पत्र लिहायची ही पहिलीच वेळ आहे आणि विषय, म्हणजे मराठीतल्या ल आणि श या दोन अक्षरांचं वळण, एवढासा वाटेल पण मला तो एवढासा वाटत नाही म्हणून सविस्तर लिहितोय.

गेल्या महिन्यात एक आजोबा नातीच्या पत्रिकेचं प्रूफ बघायला आले. चष्मा पुसून त्यांनी मुलीचं नाव वाचलं आणि प्रूफ परत माझ्याकडं सरकवलं. मला वाटलं वेलांटी ऱ्हस्वची दीर्घ झाली असणार, नाहीतर वऱ्हाडी मंडळींमधला तो ऱ्ह तुटला असणार, आमच्याकडं चुका निघतात त्या ह्याच. तर म्हणाले, "अहो नाव बरोबर आहे, पण अक्षरं आपली नाहीत." नावात श पण होता आणि ल पण. त्यांनी खिशातलं पेन काढलं, प्रूफ उलटं केलं आणि मागच्या कोऱ्या बाजूला दोन्ही अक्षरं सावकाश काढून दाखवली. प्राथमिक शाळेत मास्तर होते ते, आयुष्यभर पोरांना हाच श आणि हाच ल गिरवायला लावला म्हणाले, मग नातीच्या पत्रिकेवर दुसरा कसा चालेल?

मी दोन्ही अक्षरं शेजारी शेजारी ठेवून बघितली आणि खरं सांगतो, अंगावर काटा आला. कारण ते बरोबर होते आणि मी कितीतरी वर्षं ते चुकीचं छापत होतो.

ज्यांच्या लक्षात आलं नसेल त्यांच्यासाठी सांगतो. देवनागरी एकच असली तरी तिच्यात वळणं आहेत. ज्या ल ला उजव्या बाजूला उभा दंड असतो तो हिंदीच्या वळणाचा. मराठीत दंडाच्या जागी पाकळीसारखं गोल वळण येतं. श चं तसंच, आपला श देठाचा, तो दुसरा गाठीचा. बालभारतीच्या पुस्तकात बघा, पाकळीचा ल दिसेल. आणि मग तुमचा मोबाइल उघडून कुठलीही मराठी बातमी वाचा, बहुतेक वेळा दंडाचा ल दिसेल. पोरगं शाळेत एक ल गिरवतं आणि घरी येऊन आईच्या फोनवर दुसराच वाचतं.

आता हे झालं कसं? यात कुणाचा कट वगैरे नाही, मी स्वतः हे माझ्या दुकानात होताना बघितलंय, फक्त तेव्हा कळलं नाही. आधी आम्ही श्रीलिपीसारख्या सॉफ्टवेअरमध्ये काम करायचो, ते फॉन्ट इथंच मराठीसाठी बनलेले असायचे त्यामुळं ल टाइप केला की आपलाच ल यायचा, विचार करायची वेळच यायची नाही. मग व्हॉट्सअ‍ॅप आलं, गिऱ्हाईक मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक अक्षराला सगळीकडं एकच ठरलेला नंबर असलेल्या पद्धतीत, पाठवायला लागलं, आम्ही कॉपी पेस्ट करायला लागलो, आणि कामाच्या गडबडीत जो युनिकोड फॉन्ट हाताशी होता तो लावला. युनिकोडमध्ये ल ला एकच नंबर आहे, हिंदीला पण तोच, मराठीला पण तोच, नेपाळीला पण तोच. तो नंबर कुठल्या वळणानं दाखवायचा हे फॉन्ट ठरवतो. आणि बहुतेक फॉन्टमध्ये न सांगता जो येतो तो दंडाचा.

पण हे वाचताना कुणी हताश होऊ नका, कारण चांगल्या फॉन्टमध्ये आपला ल आणि श आतमध्ये ठेवलेला असतो! नोटो देवनागरी घ्या, फुकट आहे, त्यात मराठीची वळणं आहेत. फक्त त्याला सांगावं लागतं की बाबा हा मजकूर मराठी आहे. वेबसाइट असेल तर पानाच्या कोडमध्ये भाषा मराठी म्हणून लिहायची, एका ओळीचं काम आहे. आमच्या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये ग्लिफ पॅनल, म्हणजे फॉन्टमधली सगळी अक्षररूपं दाखवणारी चौकट, उघडून अक्षर बदलता येतं. राज्य मराठी विकास संस्थेनं यशोमुद्रा आणि यशोवेणू हे मराठीसाठीचे युनिकोड फॉन्ट काढलेत तेही आहेत. त्या रात्री मी दुकान बंद करून दीड तास बसलो आणि त्या नातीच्या नावातली दोन्ही अक्षरं जागेवर आणली. एवढंच करायचं होतं.

आणि सरकारनंही हे सांगून ठेवलंय. मराठीच्या वर्णमालेचा २००९ चा जीआर आहे, त्यानंतर २०२२ च्या नोव्हेंबरमध्ये पुन्हा जीआर निघाला, त्यात पाकळीयुक्त ल आणि देठयुक्त श वापरायचा असं लिहिलंय. हे दोन्ही शब्द तिथलेच आहेत, मला फार आवडले, म्हणून पत्राला नाव तेच दिलंय. पण आमच्या लाइनमधल्या किती जणांनी तो जीआर वाचला असेल? मी त्या आजोबांमुळं वाचला.

काही मित्र म्हणाले, कशाला हिंदीशी भांडण काढतोस. मी भांडण काढत नाहीये. उलट इतिहास बघा. गणपत कृष्णाजींनी १८३१ साली मुंबईत शिळाप्रेसवर, म्हणजे दगडावरून छापायच्या यंत्रावर, मराठी पंचांग छापलं, पुढं जावजी दादाजींनी १८६९ मध्ये निर्णयसागर छापखाना काढला, तिथं राणू रावजी आरू यांच्यासारख्या कारागिरानं जे टाइप कोरले त्यांचं नाव देशभर झालं. जुनी कलकत्त्याची किंवा काशीची हिंदी पुस्तकं बघितली तर त्यातला अ वेगळा दिसतो, झ वेगळा, ण वेगळा. आज हिंदीवाले जो अ, जो झ आणि जो ण वापरतात ते मुंबईकडचं वळण आहे, ते त्यांनी प्रमाण म्हणून घेतलं. म्हणजे आपल्याकडची तीन अक्षरं तिकडं आनंदानं नांदतायत, आणि आपल्याच घरातली दोन आपण हरवून बसलोय, मला वाईट वाटतं ते याचं.

आता माझा दुसरा मुद्दा, जो डिझाइन शिकणाऱ्या पोरापोरींसाठी आहे. माझ्याकडं शिकायला येणारी मुलं हुशार आहेत, माझ्यापेक्षा दहापट लवकर काम शिकतात. काम आलं की पहिल्यांदा इन्स्पिरेशन शोधायला पिंटरेस्ट आणि बिहान्स या डिझाइन बघायच्या वेबसाइट उघडतात, तिथं स्वित्झर्लंडचे पोस्टर, कोरियाचं पॅकेजिंग, सगळं सुंदर असतं, बघावंच, मी पण बघतो. अडचण पुढं येते. तिथला इंग्रजी अक्षरांचा थाट आवडला की तोच देवनागरीला घालायचा. इंग्रजी अक्षर खालच्या रेषेवर बसतं, आपलं अक्षर वरच्या शिरोरेषेला लटकतं. बोरूचा काट, म्हणजे टोकाचा तिरका छेद, इंग्रजी टाकापेक्षा उलटा, म्हणून आपल्याकडं जाड बारीक होण्याची जागाच वेगळी. हे न बघता इंग्रजीचे गोल आणि दांड्या कापून जोडल्या की जे तयार होतं ते वाचता येतं पण डोळ्याला टोचत राहतं.

सध्या शिरोरेषा काढून टाकायची फॅशन आहे, लोगोत तर फारच. मी विरोधात नाही, काही फार छान झालेत. पण ती रेघ नुसती सजावट नाहीये हो. भ आणि म, ध आणि घ, यांच्यातला फरक वाचणाऱ्याला पटकन कळतो त्यात भ आणि ध च्या डोक्यावर तुटलेल्या त्या रेघेचा मोठा वाटा आहे. रेघ काढली की ती जबाबदारी डोक्यावरच्या छोट्या गाठीवर येते. ती गाठ नीट काढली नाही तर धनाचा घन होतो आणि भाताचा मात. हे हातानं अक्षर काढणाऱ्याला न सांगता कळतं, म्हणून माझ्याकडं येणाऱ्या प्रत्येकाला मी पहिला महिनाभर कटनिब, म्हणजे तिरक्या टोकाचा टाक, आणि शाई देतो, कॉम्प्युटर नंतर.

आणि इन्स्पिरेशन पाहिजे तर ते इथं कमी आहे का? कमल शेडगे यांनी नाटकांची जी नावं काढली ती पेपरातल्या जाहिरातीत बघायला मी लहानपणी रविवारची वाट बघायचो, नाटक बघायला मिळायचं नाही पण अक्षरावरून नाटक कसं असेल ते समजायचं. २०२० मध्ये ते गेले. अक्षररचनाकार र. कृ. जोशींनी अक्षराला जे दिलं ते तर मोजता येणार नाही, विंडोजमधला मंगल फॉन्ट त्यांचाच. त्यातही पहिला दिसतो तो दंडाचाच ल, पण हिंदी मराठी नेपाळी सगळ्यांना पुरेल असा एक फॉन्ट लागत होता तो काळ होता, आणि त्या फॉन्टमुळंच आपल्यातल्या कितीतरी जणांनी कॉम्प्युटरवर पहिल्यांदा युनिकोड मराठी वाचलं. सुलेखनकार अच्युत पालव मोडी लिपीतून अक्षर घेऊन कुठल्या कुठं गेले. बापूराव नाईकांनी देवनागरी मुद्राक्षरांवर तीन खंडांचं काम करून ठेवलंय, ते आमच्या धंद्यातल्या प्रत्येकानं एकदा तरी चाळावं.

नव्या लोकांचं काम बघून तर मला फार उमेद येते. मुंबईच्या एक टाइप या मंडळींनी मुक्त, बलू, मोदक असे फॉन्ट बनवून सगळ्यांना फुकट वापरायला दिलेत. मोदक बघा एकदा, अक्षर इतकं गुबगुबीत की आतल्या मोकळ्या जागेची नुसती रेघ उरलीय, तरी वाचता येतं! त्यांचाच जैनी फॉन्ट जुन्या जैन कल्पसूत्राच्या हस्तलिखितावरून आलाय. यात्रा वन नावाचा एक फॉन्ट मुंबई लोकलच्या हातानं रंगवलेल्या पाट्यांवरून केलाय. दिल्लीकडं हनीफ कुरेशी यांनी पेंटर लोकांची अक्षरं गोळा करून त्यांचे फॉन्ट करायचं काम उभं केलं, २०२४ मध्ये ते अकाली गेले. यातल्या कुणी आधी परदेशी पोस्टर बघून सुरुवात केली नाही, पोथी बघितली, स्टेशन बघितलं, रस्त्यावरचा पेंटर बघितला.

आमच्या बाजारपेठेत अजून चार पाच दुकानांवर ऑइलपेंटच्या पाट्या आहेत. एका किराणा दुकानाच्या पाटीवरचा ल मी रोज येताजाता बघतो, पाकळी अशी भरलेली आहे की पेंटरनं ब्रश कुठं दाबला आणि कुठं उचलला ते दिसतं. दर पावसाळ्यानंतर थोडा रंग उडतो. त्याचा मी फोटो काढून ठेवलाय, पण पाटी उतरली की ती भंगारात जाणार हे मला माहीत आहे, कारण बाकीच्या तशाच गेल्या.

दुकानांच्या पाट्या मराठीत पाहिजेत असा कायदा झाला, दुसऱ्या भाषेपेक्षा मराठी अक्षर लहान नको असंही त्यात आहे, २०२३ च्या सप्टेंबरमध्ये सुप्रीम कोर्टानं दोन महिन्यांची मुदत दिली आणि मग एकच धांदल उडाली. त्या दोन महिन्यांत आमच्याकडं इतकं काम आलं की रात्री दोन दोनला प्रिंट निघत होत्या. मला आनंदच झाला होता. पण त्या घाईत जे लागलंय ते आज शहरात फिरून बघा, इंग्रजी नावाला महिनाभर विचार करून फॉन्ट निवडलेला आणि मराठी नाव शेवटच्या पाच मिनिटांत कुठल्यातरी फॉन्टमध्ये ठोकलेलं. काही पाट्यांवर तर वेलांटी अक्षराच्या आधी यायची ती नंतर आलीय आणि जोडाक्षराचा पाय मोडून पडलाय. सॉफ्टवेअरमध्ये भारतीय भाषांची वर्ल्ड रेडी सेटिंग चालू न करता मजकूर पेस्ट केला की असं होतं. अक्षराची उंची फूटपट्टीनं मोजून गेले पण ते अक्षर मोडलेलं आहे हे कुणी बघितलं नाही.

आता तुमच्याकडं मागणं. तुमच्या छापील अंकात ल आणि श आपल्या वळणाचा असतो, मी भिंग घेऊन बघितलं, त्याबद्दल मनापासून धन्यवाद. पण तुमच्या वेबसाइटवर माझ्या फोनमध्ये दंडाचा ल दिसतो. तुमच्या तांत्रिक विभागाला एवढं सांगा की पानाची भाषा मराठी म्हणून नोंदवलीय का ते बघा आणि मराठी वळणं असलेला फॉन्ट वापरा. तुमची वेबसाइट वाचून नवीन पिढी अक्षर बघते, शाळेच्या पुस्तकापेक्षा जास्त वेळ बघते. जमलं तर रविवारच्या पुरवणीत एखाद्या लेखाचं शीर्षक तरी हातानं काढून घ्या, आपल्या गावागावात अजून ते करणारे लोक आहेत, त्यांना काम पण मिळेल. आणि वाचकांकडून जुन्या रंगवलेल्या पाट्यांचे फोटो मागवा, गावाचं नाव घालून छापा, दर आठवड्याला एक जरी छापला तरी पाटी उतरवण्याआधी मालक एकदा विचार करेल.

ती पत्रिका छापून झाली. आजोबा न्यायला आले तेव्हा त्यांनी गठ्ठा सोडून एक काढली, नावावरून बोट फिरवलं आणि काही न बोलता पिशवीत ठेवली. त्यांनी प्रूफच्या मागं काढलेली ती दोन अक्षरं मी काचेखाली टेबलावर लावून ठेवलीत, आता नवीन मुलगा कामाला आला की पहिल्यांदा ती गिरवायला लावतो. त्या कागदाचा आणि किराणा दुकानाच्या पाटीचा असे दोन फोटो सोबत पाठवतोय, जागा असेल तर छापावेत ही विनंती.

आपला एक वाचक,
सांगली