तीन दिवसांचे अंगकोर विकून एका दिवसात उरकल्याबद्दल तक्रार

प्रति,
व्यवस्थापकीय संचालक,
परदेश सहल विभाग

विषय : कंबोडिया सहलीत जाहीर केलेला कार्यक्रम न पाळल्याबद्दल व त्यानंतर दूरध्वनीवर मिळालेल्या अपमानास्पद उत्तरांबद्दल.

महोदय,

काल दुपारी आपल्या ग्राहक सेवा विभागाशी माझे चौथे बोलणे झाले आणि त्यानंतर दूरध्वनी करण्यात अर्थ उरला नाही, म्हणून हे पत्र थेट आपल्याला लिहीत आहे. सहलीचा कार्यक्रम आपणच आखलेला असल्यामुळे तो आपल्याला समजावून सांगण्याची गरज नाही. त्यातले काय झाले नाही आणि का झाले नाही, एवढेच लिहिते.

फेब्रुवारीत मी, माझे पती आणि माझी ७८ वर्षांची आई असे तिघे आपल्या सहलीतून, अंगकोरच्या प्राचीन मंदिरांजवळच्या सिएम रीप शहरात गेलो. माहितीपत्रकात ‘अंगकोरचे तीन दिवसांचे सखोल दर्शन’ असे ठळक अक्षरांत छापले आहे. पहिल्या दिवशी फ्नॉम बाखेंगच्या टेकडीवरून सूर्यास्त, दुसऱ्या दिवशी अंगकोर वाटचा सूर्योदय, तिथले शिल्पपट आणि मंदिराचा सर्वांत वरचा मजला असलेला बाकान, तिसऱ्या दिवशी बायॉन, ता प्रोम आणि प्रेआ खान ही मंदिरे, चौथ्या दिवशी बांते स्रेईचे मंदिर, असा तो कार्यक्रम होता. प्रत्यक्षात आमच्या हातात मंदिरांच्या प्रवेशाचा एका दिवसाचा पास पडला. एका दिवसाच्या पासाची किंमत ३७ डॉलर आहे आणि तीन दिवसांच्या पासाची ६२. आमच्याकडून पैसे तीन दिवसांचे घेतले आणि पास एका दिवसाचा काढला. सहलीत आम्ही ३२ जण होतो. माणशी २५ डॉलर म्हणजे ८०० डॉलर कुठे गेले, हे मी चार वेळा विचारले आणि चारही वेळा उत्तर मिळाले नाही.

घसरण पहिल्याच संध्याकाळी सुरू झाली. माहितीपत्रकात ‘विमानतळावरून पंधरा मिनिटांत हॉटेल’ असे लिहिले आहे. ते जुन्या विमानतळाबद्दल खरे होते. ऑक्टोबर २०२३ पासून सिएम रीपची विमाने नव्या विमानतळावर उतरतात आणि तो शहरापासून सुमारे ५० किलोमीटर दूर आहे. आम्ही पावणेचारला उतरलो, सामान हाती येऊन बस निघायला पाच वाजले आणि शहरात पोहोचलो तेव्हा सूर्य मावळलेला होता आणि तिकीटघर बंद झालेले होते. वेळेवर पोहोचलो असतो तर संध्याकाळी काढलेल्या पासावर त्याच दिवशी सूर्यास्त पाहता येतो आणि पासाचे दिवस दुसऱ्या दिवसापासून मोजले जातात. ही सोय वापरूनच कार्यक्रम आखलेला होता, हे वेळापत्रकावरून कळते. म्हणजे ज्याने तो मुळात आखला, त्याला अंगकोरची माहिती होती. विमानतळ बदलल्यावर मात्र तो कागद उघडून पाहण्याची तसदी कोणी घेतली नाही.

सूर्यास्त गेला आणि त्यापायी सूर्योदयही गेला. दुसऱ्या दिवशी पहाटे आम्हा ३२ जणांना तिकीटघरासमोर रांगेत उभे केले, कारण पासावर प्रत्येकाचा फोटो छापला जातो. अंगकोर वाटच्या खंदकापाशी पोहोचलो तेव्हा सूर्य शिखरांच्या वर आलेला होता आणि माणसे तळ्याकाठून परतत होती. हे मंदिर पश्चिमाभिमुख असल्यामुळे समोरून पाहणाऱ्याला सूर्य त्याच्या पाच शिखरांमागून वर येताना दिसतो. आई रात्री तीनला उठून, आंघोळ करून, नवे लुगडे नेसून बसली होती.

त्याच दिवशी बाकान बंद होता. तो बौद्ध उपोसथाच्या, म्हणजे व्रताच्या पवित्र दिवशी बंद असतो आणि आपण निवडलेला दिवस माघ पौर्णिमेचा होता. पौर्णिमा कोणत्याही पंचांगात आधी वर्षभर छापलेली असते. ३२ माणसांना बंद जिन्यापाशी नेऊन ‘आज वर सोडत नाहीत’ असे सांगण्याऐवजी मंदिरांचा क्रम फिरवता आला असता. पण क्रम फिरवायला हाताशी दुसरा दिवस लागतो, आणि पास एकाच दिवसाचा होता.

आता आईविषयी. आईला बाकान चढायचा नव्हताच. तिचे गुडघे ते मानणार नाहीत, हे तिला ठाऊक होते. तिला शिल्पपट पाहायचे होते. ते खालच्या प्राकारात आहेत, १८७ मीटर रुंद आणि २१५ मीटर लांब अशा ओवरीत, डोक्यावर छप्पर आणि पायाखाली सपाट फरसबंदी. म्हाताऱ्या माणसाला सावलीतून, बसत-उठत, सावकाश पाहता येईल अशी अंगकोरमधली हीच जागा. आई आयुष्यभर महाभारत वाचत आली आहे. सूर्यवर्मन दुसरा या राजाने बाराव्या शतकात, समुद्रापलीकडच्या देशात, भिंतभर कुरुक्षेत्र कोरवून ठेवले आहे, हे तिला मी सहलीच्या चार महिने आधी वाचून दाखवले होते आणि त्या दिवसापासून ती दिवस मोजत होती.

पश्चिमेच्या दारातून आत जाऊन उजवीकडे वळले की कुरुक्षेत्र लागते. डावीकडून कौरव चालून येतात, उजवीकडून पांडव, आणि मध्यावर माणसे, घोडे, रथ एकमेकांत मिसळून जातात. आईने डावीकडच्या भागात शरशय्येवरचे भीष्म स्वतःच ओळखले. गाईडने अजून तोंड उघडले नव्हते. तिने हात जोडले. तेवढ्यात आपल्या टूर मॅनेजरने झेंडा उंच करून ‘चला, बायॉनला उशीर होतोय’ अशी हाक दिली. जवळजवळ ५० मीटर लांबीच्या त्या पटासमोर आम्हाला ११ मिनिटे मिळाली. दक्षिणेकडची सूर्यवर्मनाची मिरवणूक नाही, स्वर्ग-नरकाचा पट नाही, आणि पूर्वेच्या ओवरीतले समुद्रमंथन तर नाहीच. महोदय, आपल्या माहितीपत्रकाच्या मुखपृष्ठावर चित्र त्याच समुद्रमंथनाचे आहे. मध्ये विष्णू, खाली कूर्म, एका बाजूला ९२ असुर आणि दुसऱ्या बाजूला ८८ देव वासुकी ओढत आहेत. जे दाखवून सहल विकली तेच दाखवले नाही.

मी हे टूर मॅनेजरला तिथेच सांगितले. तासाभराने बस अंगकोर थोम या जुन्या राजधानीच्या दक्षिण दरवाजाकडे जात असताना, पुलाच्या दोन्ही कडांना देव आणि असुरांच्या प्रत्येकी ५४ मूर्तींच्या ज्या रांगा आहेत त्यांच्याकडे त्यांनी चालत्या बसमधून बोट दाखवले आणि ‘मॅडम, हे घ्या तुमचे समुद्रमंथन’ असे म्हणाले. बस थांबली नाही.

बायॉन आणि ता प्रोम त्याच दुपारी धावत पाहिले. जयवर्मन सातवा या राजाने आपल्या मातेसाठी बांधलेले ता प्रोम, जिथल्या भिंतींवर झाडांची मुळे चढली आहेत आणि जिथे आपल्या भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाने जतनाचे काम केले आहे, ते आम्हाला २५ मिनिटांत दाखवले. प्रेआ खान वगळले. तिसऱ्या दिवशी सकाळपासून रेशमाचे आणि रत्नांचे दुकान, दुपारी बाजार. चौथा दिवस ‘विश्रांतीचा’ म्हणून जाहीर झाला. बांते स्रेईला स्वखर्चाने पास काढून जातो असे आम्ही म्हणालो, तेव्हा ‘ग्रुप सोडलात तर जबाबदारी आमची नाही आणि विमानतळाची बस तुमच्यासाठी थांबणार नाही’ असे सुनावले गेले. आई घाबरली आणि ‘राहू दे’ म्हणाली. आम्ही दिवसभर हॉटेलच्या खोलीत बसलो.

आता कालच्या संभाषणाविषयी. ते मला जसेच्या तसे नोंदवायचे आहे, कारण आपण ध्वनिमुद्रण ठेवता असे सुरुवातीलाच सांगितले जाते आणि ते आपण स्वतः ऐकावे अशी माझी मागणी आहे. २२ मिनिटे थांबवून ठेवल्यानंतर एक गृहस्थ बोलायला आले. आई शेजारी बसली होती आणि तिलाही ऐकू यावे म्हणून मी स्पीकर लावला होता. मी पुन्हा सगळे सांगितले. ते म्हणाले, “काकू, अंगकोर वाट पाहिलंत ना? मग झालं की.” मी म्हणाले की अंगकोर वाटचा एकच शिल्पपट, तोही ११ मिनिटे पाहिला आणि बांते स्रेई पाहिलेच नाही. त्यावर ते म्हणाले, “ती सगळी देवळं एकसारखीच असतात. त्याच दगडाची, त्याच राजांची.”

मी त्यांना सांगितले की बांते स्रेई त्याच दगडाचे नाही. ते गुलाबी छटेच्या वालुकाश्माचे आहे आणि त्यावरचे कोरीवकाम लाकडावर केल्यासारखे बारीक आहे. ते राजाचेही नाही. यज्ञवराह नावाच्या विद्वान अमात्याने ते शिवासाठी बांधवले आणि ९६७ साली तिथे प्रतिष्ठापना झाली, म्हणजे अंगकोर वाटच्या दीडशे वर्षे आधी. त्यांनी मला मध्येच तोडले आणि म्हणाले, “काकू, देवळं आपल्याकडे काय कमी आहेत का? लोक तिकडे शॉपिंगला आणि फोटोंना जातात. तुमच्या ग्रुपमधल्या बाकी कोणीच तक्रार केलेली नाही.” मग हे पुढचे वाक्य : “आणि खरं सांगू का, तुमच्या आईंना तीन दिवस झेपलेच नसते. आम्ही त्यांचाच विचार करून कार्यक्रम हलका केला.”

आई उठली आणि आतल्या खोलीत गेली. रात्री जेवताना तिने मला विचारले, “माझ्यामुळे सगळ्यांचं राहिलं का गं?”

महोदय, हे वाक्य माझ्या आईच्या तोंडी आपल्या कंपनीमुळे आले. ती त्या चार दिवसांत एकदाही थकले म्हणाली नाही. बुकिंगच्या वेळी तिचे वय अर्जात लिहिले होते, डॉक्टरांचे प्रमाणपत्र जोडले होते आणि ‘ज्येष्ठांसाठी सोयीची सहल’ हे शब्द आपल्याच माहितीपत्रकातले आहेत. कार्यक्रम तिच्यासाठी हलका केला असता तर ११ मिनिटांऐवजी दोन तास त्या ओवरीत बसू दिले असते. तीन देवळे एका दिवसात धावत उरकणे हा हलका कार्यक्रम नाही. पासाचे माणशी २५ डॉलर वाचवले आणि दोष एका म्हाताऱ्या बाईच्या गुडघ्यांवर ढकलला, असे मी स्पष्ट म्हणते.

मला जास्त दुःख याचे आहे की आम्ही आपले जुने ग्राहक आहोत. आठ वर्षांपूर्वी आम्ही आपल्याच बरोबर इंडोनेशियातल्या जावा बेटावर गेलो होतो. तेव्हाच्या आपल्या मार्गदर्शकांनी प्रंबनान या मंदिरसमूहातल्या ४७ मीटर उंच शिवमंदिराच्या कठड्यावरचे रामायण आम्हाला एकेका प्रसंगाने वाचून दाखवले होते, त्याची उरलेली कथा शेजारच्या ब्रह्ममंदिरावर आहे म्हणून तिकडेही नेले होते, आणि ऊन चढले म्हणून बोरोबुदुरच्या बौद्ध स्तूपाची वेळ पहाटेवर आणली होती. ज्यांना थांबायचे आहे त्यांना थांबू दिले होते. ती सहल पाहूनच आईला मी सांगितले होते की अंगकोरला जायचे तर यांच्याबरोबरच. तो विश्वास आता उरलेला नाही, आणि तो परत कसा मिळवायचा हे मला सांगता येणार नाही.

माझ्या मागण्या अशा आहेत. तीन दिवसांच्या आणि एका दिवसाच्या पासातला फरक, म्हणजे माणशी २५ डॉलर, तसेच बांते स्रेई आणि प्रेआ खानच्या दर्शनासाठी घेतलेली रक्कम आमच्या तिघांना परत मिळावी. उरलेल्या २९ जणांनी तक्रार केली नसली तरी त्यांनाही ती आपणहून कळवून द्यावी, कारण ते पैसेही आपले नाहीत. माहितीपत्रकातले विमानतळाचे अंतर दुरुस्त करावे, उपोसथाचे दिवस पाहून अंगकोर वाटचा दिवस ठरवावा आणि पास किती दिवसांचा काढणार हे बुकिंगच्या कागदावर लिहून द्यावे. आणि आईच्या नावे, तिच्या वयाचे कारण खोटे होते असे मान्य करणारे, आपल्या सहीचे पत्र पाठवावे. पैशांपेक्षा मला हे पत्र महत्त्वाचे वाटते.

हे पत्र मिळाल्यापासून १५ दिवसांत उत्तर न आल्यास मी ग्राहक संरक्षण कायदा २०१९ खाली सेवेतील त्रुटी आणि अनुचित व्यापारी प्रथा या दोन्ही कारणांसाठी जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाईन. त्यासाठी दोन वर्षांची मुदत आहे आणि तक्रार ग्राहकाला स्वतः राहतो त्या जिल्ह्यात करता येते, हे मी पाहून घेतले आहे. माहितीपत्रक, पैसे भरल्याची पावती आणि तारीख छापलेले तीन एकदिवसीय पास यांच्या प्रती सोबत जोडल्या आहेत. मूळ कागद माझ्याकडेच राहतील.

कालच्या संभाषणाच्या शेवटी मला पुढच्या सहलीवर सवलतीचे कूपन देऊ करण्यात आले आणि ते संध्याकाळी ई-मेलने आलेही. ते मी न वापरता परत पाठवत आहे.

आपली,
कंबोडिया सहलीतील एक ग्राहक