शरद, मूल घरी आणण्याआधी

प्रिय शरद,
सप्रेम नमस्कार.

अनाथाश्रमाला खोली बांधून द्यावी की एखादं मूल काही काळ घरी सांभाळावं, असं तू विचारलंस. माझं ऐकशील तर खोलीचा नाद सोड. टाकलेल्या किंवा घरातच मार खाल्लेल्या पोराला रोज तेच माणूस लागतं. पाळ्यांवर चालणाऱ्या संस्थेत ते मिळणं कठीण, तिथली माणसं कितीही भली असोत. रोमानियातल्या बुखारेस्टमध्ये २००० नंतर संस्थांमधल्या १३६ लहानग्यांचा अभ्यास झाला. चिठ्ठ्या टाकून निम्मी मुलं प्रतिपालकांकडे, म्हणजे दुसऱ्याचं मूल काही काळ घरी सांभाळणाऱ्यांकडे, द्यायची ठरली. घरी गेलेल्यांची बुद्धी आणि माणसांचा लळा, दोन्ही सुधारलं. लळ्याच्या बाबतीत दोन वर्षांच्या आत गेलेल्यांना सर्वांत जास्त फायदा झाला.

मात्र असं काही काळ सांभाळणं, म्हणजेच फॉस्टर केअर, हे दत्तक नव्हे, हे वहिनींनाही स्पष्ट सांग. घरची परिस्थिती सुधारली तर मूल परत जायचं असतं. तोवर आईवडिलांच्या भेटी चालू राहतात, आणि भेटीनंतर अंथरूण ओलं होणं, आदळआपट हे यायचंच. म्हणून लगेच ‘भेटी बंद करा’ म्हणत धावू नकोस. वहीत तारीख घाल आणि डोळ्यांनी दिसलं तेवढंच लिही. ‘चिडला’ नको, ‘ताट ढकललं, दाराआड जाऊन बसला’ असं. पुढे निर्णय घेणाऱ्यांना तेच कामाला येतं.

हो म्हणण्याआधी मूल सोपवणाऱ्या कार्यकर्त्याला खोदून विचार: झोप कशी आहे, औषधं कोणती, कशाला घाबरतं, भावंडं कुठे आहेत, भेटी किती. ‘तसं विशेष काही नाही’ हे उत्तर आलं तर फाईल कुणी उघडलेलीच नाही असं समज.

पहिल्या दिवशी पाहुणे नकोत. संडास आणि रात्रीच्या दिव्याचं बटण दाखव. पिशवीतली मळकी चादर लगेच धुवायला टाकू नका; ओळखीचा तेवढा एकच वास त्याच्याजवळ उरलेला असतो. मिठी मारायची तर आधी विचार, कारण मार किंवा त्याहून वाईट सोसलेल्या मुलाला अंगावर आलेला हात प्रेमाचा वाटत नाही.

उशीखाली शिळं अन्न सापडेल. रागावू नकोस, शोधाशोधही नको. उपाशी राहिलेलं पोर उद्याची सोय करत असतं. त्याच्या नावाचा झाकणाचा एक डबा पलंगाशी ठेव आणि तो कधी रिकामा राहू देऊ नकोस. सवय जायला महिने लागतात.

सुरुवातीचे काही आठवडे बहुधा मूल अगदी गुणी वागतं, आणि मग एकदम अंगावर येतं. बरेच प्रतिपालक इथेच हात टेकतात. हे लोक आपल्याला खरंच ठेवणार का, याची ते चाचपणी करत असतं. तेव्हाच परत पाठवलं की पुढच्या घरी ते अधिकच बंद होऊन जातं. म्हणून आधीच मागून घे: रात्रीही उचलला जाईल असा फोन, अधूनमधून एक-दोन दिवसांची विश्रांती, प्रशिक्षण आणि वेळेवर खर्चाचे पैसे. हे द्यायला कुरकुर करणाऱ्यांकडून मूल घेऊ नकोस.

अत्याचाराबद्दल ते आपणहून बोललं तर ऐकून घे. उलटतपासणी नको, ‘कुणाला सांगणार नाही’ असं वचन तर नकोच. त्याचेच शब्द लिहून त्याच दिवशी कार्यकर्त्याला कळव. आपण प्रश्नातून शब्द पुरवले की चौकशीत त्या सांगण्याची किंमत जाते.

आणि येणारं मूल तुझ्या धाकट्यापेक्षा लहान असावं. बरोबरीची दोघं आली की घरात रोज तुलना. मूल देण्याआधीच्या मुलाखतीत कार्यकर्ते तुमच्या पोरांशीही एकेकट्याने बोलतील, त्यांना पढवून ठेवू नकोस. वहिनींशी बोलून काय ठरतं ते कळव.

तुझा,
अनंत