बदलीची बातमी कळल्यावर

चि. मंदार यास अनेक आशीर्वाद.

खंडणीविरोधी पथकात बदली झाल्याचं तू आईला सांगितलंस, मला नाही. पेढे मात्र चाळीत मीच वाटले. एकच सांगतो: तोंडी हुकमावर बाहेर पडू नकोस. आधी स्टेशन डायरीत नोंद, मग गाडी.

१९८२ चा संप तू पाहिला नाहीस. अडीच लाख गिरणी कामगार घरी बसले आणि आपल्याच मजल्यावरची पोरं टोळ्यांत गेली. नव्वदीनंतर सोन्यावरची बंधनं सैल झाली, तस्करीत राम उरला नाही. मग टोळ्यांनी खंडणीसाठी बिल्डर आणि सिनेमावाले धरले. १९९९ ला मोक्का आला, संघटित गुन्हेगारीविरुद्धचा कायदा. चकमकींनी टोळ्या संपवल्या म्हणतात, मला तेवढं पटत नाही. मोक्कात जामीन मिळेना, वकिलापायी घर विकलं, तेव्हा माणसं मोडली. कोर्टात कैदी नेता-आणताना मी ते पाहिलंय. आणि २००६ च्या एका चकमकीपायी २०१३ ला १३ पोलिसांना जन्मठेप झाली. त्यात साधे शिपाईही होते. म्हणून नोंद म्हणतो.

२६/११ नंतर सगळा जोर दहशतवादावर गेला. जायलाच हवा होता. पण आमचं बीट बंदोबस्ताला गेलं आणि खबऱ्यांबरोबर चहा प्यायला कुणी उरलं नाही. खबरी वर्षभर भेटला नाही की तो दुसऱ्याचा होतो. २०२४ ला वांद्र्यात माजी मंत्र्याला मारलं, ती पोरं बाहेरची. आपल्या गल्लीत त्यांना ओळखणार कोण?

भाषण झालं. माफ कर. तू माझ्याहून शिकलेला, अधिकारी. नाशिकच्या दीक्षान्त संचलनानंतर तू वाकायच्या आत माझा हात सॅल्यूटला गेला होता, आठवतं? आई अजून हसते.

टोळीत गेलेल्या बाळ्याचं तुला कधी सांगितलं नाही. तो आमच्या लॉकअपला आला त्या रात्री ड्यूटीवर मीच होतो. जाळीतून म्हणाला, "दिन्या, मला जिवंत आणलंय, एवढं लिही." मी वेळेसकट लिहिलं. पहाटे दोघे आले, "जरा फिरवून आणतो" म्हणाले. मी डायरी पुढे केली. वाचली आणि निघून गेले. पुढे सहा महिने मला कंट्रोल रूमला टाकलं. बाळ्याची बायको, वहिनी, अजून दिवाळीला येते ती त्यामुळे.

गुडघा बरा आहे. आईच्या गोळ्या मिळाल्या.

काल रात्री तुम्ही बाहेर होता म्हणे. नोंद केली होतीस ना?

तुझे,
बाबा