आबांची ओंजळ

कराड, रविवार रात्री

प्रिय सुध्या,

सात-आठ महिन्यांत तुला चार ओळी लिहिल्या नाहीत, त्याची लाज वाटते. माझा गुडघा ठीक आहे, आईची शुगर गोळ्यांवर आहे. विषय आबांचा आहे आणि फोनवर बोलण्यासारखा नाही.

आबा रोज संध्याकाळी कृष्णा-कोयनेच्या प्रीतिसंगमावर जायचे, तुला ठाऊक आहे. यशवंतरावांच्या समाधीला हात जोडायचे आणि पायरीवर कोयनेकडे तोंड करून बसायचे. गेल्या महिन्यात मी सोबत होतो. ओंजळीत पाणी घेऊन म्हणाले, "हे आपल्या गावावरनं आलंय. मला इथंच सोड." आणि मी, तीस वर्षं भूगोल शिकवलेला माणूस, बोलून गेलो की आबा, धरणातलं पुष्कळ पाणी इकडे येतच नाही. बोगद्यातून सह्याद्रीच्या पोटातनं पोफळीला उतरतं, वीज करून वाशिष्ठीत पडतं, चिपळूणवरून दाभोळच्या खाडीला जातं. वर्षाला ६७.५ टीएमसीपर्यंत. आकडासुद्धा सांगितला रे!

त्यांनी ओंजळ सोडली. "म्हणजे आपलं पाणी कोकणात जातं?" एवढंच विचारलं. तेव्हापासून घाटावर गेलेले नाहीत.

दुसरा कुणी म्हणेल, म्हातारपण. तू म्हणणार नाहीस. त्या मे महिन्यात बामणोलीहून लाँचने गेलो, पाणी उतरलं होतं, आणि आबांनी गाळातून वर आलेलं आपल्या घराचं जोतं ओळखलं. धरणाचं पाणी चढून गाव बुडालं तेव्हा ते चौदा वर्षांचे होते. तू चपला काढून त्या जोत्यावर चढलास. मी नव्हत्या काढल्या.

आपलं भांडण आठवतं? महाबळेश्वरला पंचगंगेच्या देवळात, गोमुखासमोर! तू पक्का वाईकर: कराडच्या पुढे नाव कृष्णेचंच चालतं, म्हणजे थोरली तीच. मी म्हणायचो, माहुलीला वेण्णा, उंब्रजला तारळी, अशा दुसऱ्यांच्या जिवावर फुगलेलीला थोरली कसं म्हणायचं? आमची कोयना बघ, दोन डोंगररांगांमधून पासष्ट किलोमीटर नीट दक्षिणेला येते आणि हेळवाकला एकदम पूर्वेकडे वळते. त्यावर तू म्हणालास, "वळली नसती तर कोकणात पडली असती!" किती हसलो होतो. परवा रात्री ते आठवलं आणि झोप लागली नाही. सावित्री त्याच डोंगरावरून निघून पश्चिमेला उतरते, बाणकोटला समुद्राला मिळते. तिची वाटच ती. कोयनेला मात्र माणसांनी तिकडे नेलं, आणि नेताना आमच्या गावावरून नेलं.

खरी बोच पुढेच आहे. मी आबांना अर्धंच सांगितलं. धरणाच्या पायथ्याच्या वीजघरातून पाणी खाली नदीत सुटतंच, पावसाळ्यात दरवाजे उघडतात. पाटणला केरा मिळते, मोरणा मिळते. गावावरचं पाणी कराडला येतं, सगळं नाही इतकंच. पण आता मी सांगितलं तर त्यांना वाटेल, पोरगं समजूत घालतंय. त्या दिवशी शाळेत असल्यासारखा बोललो, आता कोणत्या तोंडाने बोलू? तुझं ते ऐकतात. कृष्णेची बाजू घेणारा माणूस कोयनेबद्दल खोटं का बोलेल, असं त्यांना वाटेल.

ये ना. दोन दिवस काढ. पाणी उतरलं की बामणोलीहून पुन्हा लाँच करू.

तुझ्या धाकटीचं लग्न ठरल्याचं कळलं, फार आनंद झाला. पत्रिका पाठव. वहिनींचा हात आता कसा आहे? तुझ्या बदलीचं काय झालं तेही लिही.

आत्ता पाकीट चिकटवत होतो तर आबा दारात येऊन उभे राहिले. विचारत होते, कुंभार्ली घाट उतरला की पोफळीचं ते पाणी रस्त्यावरनं दिसतं का. सुध्याला विचारतो म्हणालो.

तुझा,
बाळ्या